वाचा आणि वाचन

प्राथमिक शाळेंत मुलांना काय शिकवावें, या प्रश्नाचें उत्तर कोणीहि चटकन देतो: वाचायला, लिहायला आणि चार लोकांत उभें राहून बोलायला. या उत्तरांत वाद घालण्यासारखें कांहींच दिसत नाहीं. आणि जेथें वादाला जागा दिसत नाहीं तेथेंच बहुधा पुष्कळसा अविचार दडून बसलेला असतो, असा आमचा अनुभव आहे. मूल शाळेंत येतें तें मुकें येत नाहीं. पांचसहा वर्षांचें मूल घरीं भांडतें, हट्ट करतें, थापा मारतें, गोष्ट रचून सांगतें, आजीची हुबेहूब नक्कल करतें. म्हणजे बोलण्याची कला त्यानें शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वींच हस्तगत केलेली असते. मग शाळा त्याला ‘बोलायला शिकविते’ याचा अर्थ काय? आणि शिकवितां शिकवितां ती त्याचें कांहीं हिरावून घेते कीं काय? हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा खरा. परंतु आमच्या मतें तो त्याहून अधिक नीतिशास्त्राचा आहे. तो आमच्यापुढें येऊन उभा राहिला तो आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळें. म्हणून आधीं ती चूक सांगतों.

छत्रपति संभाजीनगराहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीनें निघालें म्हणजे दौलताबाद आणि पोटूळ मागें पडल्यावर लासूर हें स्टेशन लागतें. मूळचें लासूर गांव निराळें. निजामाच्या अमदानींत, १९०० सालाच्या सुमारास, गोदावरीच्या खोऱ्यांतून लोहमार्ग आला आणि स्टेशनाभोंवतीं धान्याची व कापसाची बाजारपेठ वाढून जें दुसरें गांव वसलें त्याला लोक ‘लासूर स्टेशन’ म्हणूं लागले. तेथील एका प्राथमिक शाळेनें कांहीं वर्षांपूर्वीं पहिली ते चौथीच्या मुलांसाठीं वाचनाच्या व वक्तृत्वाच्या स्पर्धा भरविल्या होत्या. आणि महाविद्यालयांत भाषा शिकविणारे म्हणून परीक्षक या नात्यानें आम्हांस बोलाविलें होतें. आमच्या हातीं एक गुणपत्रक देण्यांत आलें. त्यांत पाठांतर, शुद्ध उच्चार, हावभाव, विषयाची मांडणी आणि वेळेचें भान असे पांच रकाने होते आणि प्रत्येकास दहा गुण होते.

मुलें एकामागून एक येऊन बोलूं लागलीं. अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि बालमित्र यांना उद्देशून एकच नांदी, हाताचे तेच हेलकावे, शेवटीं तोच जयघोष. भाषणें मोठ्या माणसांनीं लिहून दिलेलीं होतीं हें उघड होतें; आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडीं ‘पर्यावरणाचा समतोल’ हे शब्द एखाद्या मोठ्या माणसाच्या पायतणासारखे फटफट वाजत होते. इतक्यांत तिसरींतली एक मुलगी उभी राहिली. तिचा विषय ‘पाणी हेंच जीवन’ हा होता. चार वाक्यें झालीं आणि पुढचें सारें ती विसरली. खालून बाई शब्द सुचवूं लागल्या. परंतु तिला ते ऐकूं येईनात. कांहीं क्षण ती तशीच उभी राहिली, आणि मग आपलें आपणच बोलूं लागली. उन्हाळ्यांत वस्तीवर टँकर येतो. तो केव्हां येईल याचा नेम नसतो. म्हणून आई तिला शाळेंत न पाठवितां हंड्यांच्या रांगेजवळ बसविते. टँकरचा आवाज आला कीं तिनें धांवत जाऊन आईला शेतांतून बोलावून आणावयाचें. एकदां रांगेजवळ बसल्या बसल्या तिला झोंप लागली. टँकर आला आणि गेला. हंडे रिकामे राहिले. त्या दिवशीं घरांत तिला कोणी रागें भरलें नाहीं, आणि तेंच तिला फार लागलें. एवढें सांगून ती थांबली. ती ‘पानी’ म्हणत होती, ‘आमी’ म्हणत होती, आणि आईचा उल्लेख ‘मपली माय’ असा करीत होती. समोरचीं मुलें प्रथम ‘मपली’ या शब्दाला हंसलीं. पुढें मात्र कोणी हंसलें नाहीं.

आम्हीं तिला पाठांतराच्या रकान्यांत दोन आणि शुद्ध उच्चाराच्या रकान्यांत तीन गुण दिले. पहिलें बक्षीस एका मुलाला मिळालें. त्याचें भाषण कोठेंहि अडखळलें नव्हतें. गुणपत्रकावर आम्हीं सही केली.

परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून स्टेशनाबाहेरच्या एका चहाच्या हॉटेलांत आम्ही बसलों होतों. तीच मुलगी आपल्या आजोबांबरोबर तेथें गांवाकडे जाणाऱ्या जीपची वाट पाहात उभी होती. म्हातारा जवळ आला आणि हात जोडून म्हणाला, “सर, पोरीचं काय चुकलं व्हतं हो?” आम्हीं सांगितलें, “बाबा, तसें कांहीं चुकलें नाहीं. चांगलें सांगितलें तिनें. फक्त उच्चार शुद्ध हवे होते. ‘पानी’ नव्हे, ‘पाणी’.” म्हातारा क्षणभर थांबला. “आमच्यात तर समदे पानीच म्हनत्यात,” तो म्हणाला. त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती. एखादी माहिती द्यावी तसें तो बोलत होता. मग मुलीकडे पाहून म्हणाला, “ती म्हनती, आता म्या बोलायचंच न्हाई.” मुलगी आमच्याकडे पाहात नव्हती.

गाडींत बसल्यावर मनाची समजूत घालण्याचे सर्व प्रकार आम्हीं करून पाहिले. गुणपत्रक आम्हीं तयार केलेलें नव्हतें. मुलगी पाठ केलेलें विसरली होती, हें निर्विवाद होतें. परीक्षकानें दयेनें गुण दिले तर तो इतर मुलांवर अन्याय. या सर्व म्हणण्यांत तथ्य होतें. परंतु त्यानें समाधान होईना. कारण त्या दिवशीं त्या सभेंत जिला कांहीं सांगावयाचें होतें अशी ती एकटीच मुलगी होती. बाकीचीं मुलें सुरेख वाजलीं. वक्त्याला बक्षीस द्यावयाचें अशा स्पर्धेंत आम्हीं वाद्याला बक्षीस दिलें. आणि जी बोलली तिनें पुन्हा बोलूं नये अशी व्यवस्था करून आम्ही परत निघालों होतों.

आतां तिची चूक ती कोणती, तें पाहूं. ‘पाणी’च्या ठिकाणीं ती ‘पानी’ म्हणाली. ज्या संस्कृताचा दाखला आपण शुद्धतेसाठीं येतांजातां देतों, त्या भाषेंत मूळ शब्द ‘पानीय’ असा आहे आणि त्यांतला न दंत्यच आहे. तो मूर्धन्य झाला प्राकृतांत. महाराष्ट्री प्राकृतांत तर न चा ण होणें हा इतका सर्रास प्रकार कीं, हाल सातवाहनाच्या नांवावर असलेल्या गाथासप्तशतीच्या भाषेंत ‘नयन’ शब्दाचें ‘णअण’ होतें. ज्या ण साठीं आम्हीं मुलीचे गुण कापले, तो संस्कृताच्या दृष्टीनें अपभ्रंशच होय. यावरून ‘पानी’ हेंच शुद्ध, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ती मुलगी संस्कृत जाणून तसें म्हणाली नव्हती. तिची आई म्हणते म्हणून ती म्हणाली. म्हणावयाचें तें इतकेंच कीं, शुद्धता शब्दाच्या अंगीं जन्मतः चिकटलेली नसते. इंग्रजी अमदानींत छापखाना, शाळाखातें आणि मेजर कँडीसारख्यांच्या देखरेखीखालीं तयार झालेलीं क्रमिक पुस्तकें यांच्या द्वारें पुण्याकडील शिष्टांची भाषा प्रमाण ठरली. तें सोयीचें झालें, आवश्यकहि होतें. परंतु सोय ही एक गोष्ट आणि पावित्र्य ही दुसरी.

आणि ‘मपली’? ‘आपला’ या सर्वनामाच्या साच्यांत ‘मी’पासून ‘मपला’ आणि ‘तूं’पासून ‘तुपला’ बनविणारी ही मराठवाड्याची बोली आहे. ‘माझी माय’ म्हटल्यानें नातें कळतें. ‘मपली माय’ म्हटल्यानें ती दुसऱ्या कोणाची नव्हे, खास आपली, हेंहि कळतें. प्रमाण भाषेला एवढ्यासाठीं ‘माझी स्वतःची’ असे दोन शब्द खर्चावे लागतात. जो शब्द आपल्या भाषेच्या कोशांत मानानें बसावयाचा, त्याला त्या दिवशीं लहान मुलें हंसलीं. आणि हंसण्याचें शिक्षण त्यांना आमच्यासारख्यांनींच दिलेलें होतें.

खेदाची गोष्ट ही कीं, हा प्रकार ज्या भूमींत घडला त्या भूमीनें याच अन्यायाविरुद्ध एकदां नव्हे, दोनदां भांडण केलेलें आहे. लासूर स्टेशनपासून पैठण कांहीं फार दूर नाहीं. एकनाथांनीं सोळाव्या शतकांत तेथेंच बसून प्राकृताची बाजू मांडली आणि आपल्या भारुडांत नाना जातींच्या, नाना धंद्यांच्या माणसांना त्यांच्या त्यांच्या वाणीनें बोलूं दिलें. त्याहि पूर्वीं महानुभाव पंथांत एका विद्वान शिष्यानें संस्कृतांत लिहिण्याची इच्छा दर्शविली, तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्याला रोखलें. कारण तसें केल्यास पंथांतल्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकल्या असत्या. या गोष्टी आम्ही वर्गांत मोठ्या अभिमानानें शिकवितों. पंडितांनीं मराठीला ‘अशुद्ध’ म्हटलें तेव्हां आमच्या पूर्वजांना जें दुःख झालें, तेंच दुःख आम्हीं एका आठ वर्षांच्या मुलीला दिलें, आणि तेंहि मराठीचा कैवार घेऊन.

दुसरें भांडण अगदीं अलीकडचें. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उच्च शिक्षणाची भाषा उर्दू ठरविली, आणि तिकडे जाणाऱ्या सर्व वाटा उर्दूच्याच झाल्या. उर्दू ही मोठी गोड भाषा. दोष तिचा नव्हता. परंतु मराठी बोलणाऱ्या कुणब्याचा मुलगा वरच्या वर्गांत गेला कीं त्याला जें येत होतें तें निरुपयोगी ठरे आणि जें उपयोगी त्यांत त्याचें तोंड उघडत नसे. याच कळकळींतून १९१५ सालीं औरंगाबादेस सरस्वती भुवनासारखी संस्था निघाली. आमच्या पिढीच्या वाडवडिलांनीं हें सारें सोसलें आहे. पुढें १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, १९६७ सालीं बालभारतीची स्थापना झाली, पुस्तकें मराठीचीं झालीं. आणि पुस्तक मराठी झालें म्हणजे मुलाची मातृभाषा शाळेंत आली, असें आपण धरून चाललों. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिकवावें असें सांगितलें, तेव्हां मराठी शाळांतल्या आम्हां मंडळींना वाटलें कीं, हा उपदेश इतरांसाठीं आहे. आमच्याकडे तें झालेलेंच आहे. लासूर स्टेशनच्या त्या म्हाताऱ्यास विचारलें असतें तर त्यानें निराळें सांगितलें असतें.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘हें सारें बोलीचें कौतुक पोटभर जेवलेल्यांनीं करावें. तुमचीं मुलें प्रमाण भाषा बोलतात. तुम्ही स्वतः तीच लिहितां. आणि शेतकऱ्याच्या मुलीला मात्र तिची बोली किती गोड म्हणून तिच्याच ठिकाणीं ठेवूं पाहतां. कचेरींत, कोर्टांत, परीक्षेंत, मुलाखतींत तिला ‘पानी’ म्हणून कोण उभें करील?’ हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. किंबहुना या विषयावरील सर्वांत प्रामाणिक आक्षेप हाच आहे. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जें निवेदन ठेविलें, त्यांत शेतकऱ्यांच्या मुलांना मोडी व बाळबोध लिहितांवाचतां यावें आणि हिशेब यावा अशी मागणी होती. त्यांच्या बोलीचें जतन करा अशी नव्हती. त्यांना हत्यारें हवीं होतीं. आजचा शेतकरीहि तेंच मागतो. म्हणूनच तो परवडत नसतांहि मुलाला इंग्रजी शाळेच्या गाडींत बसवितो. त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार, इंग्रजीच्याच जोरावर पोट भरणाऱ्या आम्हांस तरी नाहीं.

परंतु फुल्यांच्याच चरित्रांत दुसरीहि एक गोष्ट आहे. त्यांच्या लेखनावर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत टीका केली, तेव्हां त्यांनीं त्यांच्या व्याकरणाची यथेच्छ टर उडविली. चिपळूणकर हे थोर गद्यकार, यांत शंका नाहीं. परंतु फुले काय विचारीत होते याचें उत्तर भाषेच्या चुका काढून मिळण्यासारखें नव्हतें. माणसाच्या बोलण्याला उत्तर न देतां त्याची भाषा सुधारूं लागणें, यांत एक सूक्ष्म अपमान आहे. ‘तूं काय म्हणतोस याच्याशीं मला कर्तव्य नाहीं, तूं कोण आहेस तें मला कळलें,’ असें आपण त्याला न सांगतां सांगतों. मोठा माणूस हा अपमान पचवून लिहीत राहतो. आठ वर्षांच्या मुलीनें काय करावें?

येथें आणखी एक कबुली द्यावयास हवी. आम्हीहि अशाच एका खेड्यांतून आलों. आमची आई शेवटपर्यंत ‘पानी’च म्हणे. बी. ए. होऊन घरीं गेल्यावर एकदां पाहुण्यांसमोर आम्हीं तिचा उच्चार सुधारला. ती हंसली, आणि त्यानंतर बाहेरचीं माणसें घरीं आलीं म्हणजे ती चहा ठेवून आंत निघून जाऊं लागली. ही गोष्ट आम्ही विसरलों होतों. त्या म्हाताऱ्यानें ती आठवून दिली.

तेव्हां प्रमाण भाषा शिकवावी कीं नाहीं, हा वाद आम्हांस घालावयाचा नाहीं. ती शिकविलीच पाहिजे, आणि चांगली शिकविली पाहिजे. प्रश्न आहे तो क्रमाचा आणि रीतीचा. या बाबतींत लहान मुलाची आई हीच खरी शिक्षणशास्त्रज्ञ. मूल बोबड्या बोलानें पाणी मागतें, तेव्हां आधीं उच्चार नीट कर मग पाणी देतें, असें कोणतीहि आई म्हणत नाहीं. ती पाणी देते, आणि देतां देतां ‘पाणी हवें का माझ्या सोन्याला?’ असें स्वतःच्या वाणीनें म्हणते. उत्तर आधीं, दुरुस्ती मागाहून. आणि तीहि दुरुस्ती म्हणून नव्हे, सहवास म्हणून. जगांतील यच्चयावत् मुलें या एकाच पद्धतीनें बोलायला शिकलीं. सहाव्या वर्षीं मूल शाळेंत येतें तेव्हां आपण हा क्रम उलटा करतों, आणि मग मुलें वर्गांत बोलत नाहींत म्हणून तक्रार करतों.

बोलण्याची ही गोष्ट वाचनाहून निराळी आहे, असें कोणी समजूं नये. ‘वाचन’ हा शब्दच त्या दोहोंचें नातें सांगतो. वच् म्हणजे बोलणें. त्याचें प्रयोजक रूप ‘वाचयति’, म्हणजे बोलावयास लावणें. वाचन म्हणजे मुक्या अक्षरांना बोलतें करणें. परंतु अक्षरें कोणाच्या वाणीनें बोलणार? वाचणाराच्याच. जी वाणी मुलाजवळ आहे तिलाच आपण गप्प बसविलें, तर अक्षरांना उसनी वाणी कोठून आणावयाची? म्हणूनच आपल्या वर्गांत पुष्कळ वेळां असें दिसतें कीं, मूल धडा घडाघडा म्हणून दाखवितें. मात्र पुस्तक झांकून काय वाचलेंस म्हणून विचारलें, तर आपल्याकडे पाहात राहतें. दुसऱ्या एका शाळेंत आम्हीं याच्या उलट प्रकार पाहिला. पहिलींतल्या मुलानें चित्राखालचा शब्द वाचला, ‘ब, द, क’. क्षणभर चित्राकडे पाहिलें. आणि मोठ्या आनंदानें म्हणाला, ‘पाखरू!’ वर्ग हंसला. बाईंनींहि ‘चूक’ म्हटलें. वास्तविक त्या मुलाची चूक फार थोडी होती. अक्षरांच्या पलीकडे कांहीं अर्थ असतो, आणि तो आपल्या घरांतलाच असला पाहिजे, ही वाचनाची खरी किल्ली त्याला सांपडलेली होती. ‘बरोबर, पाखरूच, पण या पाखराचें नांव काय लिहिलें आहे?’ एवढा एकच प्रश्न तेथें पुरला असता.

हा प्रश्न किती मुलांचा आहे, हें ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानें निघणाऱ्या ‘असर’ अहवालांवरून दिसतें. ग्रामीण भारतांत दुसरीच्या पुस्तकांतला उतारा वाचूं शकणारीं पांचवींतलीं मुलें २०१८ सालीं शेंकडा ५०.५ होतीं, शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ सालीं तीं ४२.८ वर आलीं, आणि २०२४ सालीं ४८.८ झालीं. म्हणजे चार वर्षें शाळेंत घालवूनहि निम्म्या मुलांशीं पुस्तक बोलत नाहीं. सरकारनें २०२१ सालीं ‘निपुण भारत’ ही मोहीम काढली. तिसरी संपण्यापूर्वीं प्रत्येक मुलाला समजून वाचतां यावें, हें तिचें ध्येय. या ध्येयांतला ‘समजून’ हा शब्द आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण समजूत ही अक्षरांतून येत नाहीं, ती मुलाबरोबर घरून येते.

हें सर्व स्वप्नरंजन आहे असेंहि नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांत तें करून दाखविलेलें आहे. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस जाऊन, आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साहाय्यानें आदिवासी मुलांसाठीं अंगणवाड्या व कुरणशाळा चालविल्या. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, हें त्यांचें सूत्र. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेंत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनीं फलटणच्या लोकांच्या बोलण्यांतील भेदांवर १९७३ सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत प्रबंध सादर केला, आणि पुढें फलटणलाच घर करून, भारताचें नागरिकत्व घेऊन, तेथील मुलांना वाचायला शिकविण्यांत आयुष्य घातलें. अक्षरांचे लहान लहान गट करावयाचे, पहिल्या गटापासूनच कान्यासारखीं चिन्हें बरोबर घ्यावयाचीं, म्हणजे मुलाला आरंभापासूनच अर्थाचे शब्द वाचतां येतात. आणि या सर्वाच्या आधीं व बरोबरीनें मुलांशीं भरपूर गप्पा मारावयाच्या, अशी त्यांची पद्धति आहे. १९८६ सालीं सुरू झालेल्या त्यांच्या कमला निंबकर बालभवनांत ती रुजली. एका परदेशी बाईला आमच्या मुलांची बोली अभ्यासण्याजोगी वाटली; आम्हांस ती सुधारण्याजोगी तेवढी वाटली, हा विचार करण्यासारखा भेद आहे. रशियांत टॉल्स्टॉयनें १८५९ सालीं आपल्या गांवीं शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा काढली, आणि तीन वर्षांनीं एक निबंध लिहून प्रश्न केला कीं, लिहायला कोणीं कोणापासून शिकावें, मुलांनीं आमच्यापासून कीं आम्हीं मुलांपासून? त्याची अतिशयोक्ति सोडून दिली तरी, प्रश्न विचारण्यापूर्वीं तो मुलांचें ऐकत बसला होता, एवढें तरी आपण त्याच्यापासून घ्यावें.

आमचे शिक्षक मित्र यावर म्हणतील, ‘प्राध्यापकमहाशय, दोन शिक्षकांच्या शाळेंत चार वर्ग सांभाळून पाहा. निवडणुकीचें काम, शिरगणती, पोषण आहाराचा हिशेब, मोबाइलवर भरावयाची माहिती; कोणाचें ऐकत बसावयाचें?’ त्यांची अडचण खरी आहे, आणि तिचा दोष त्यांच्यावर नाहीं. आमचें मागणें थोडें आहे. दिवसांतून पाव तास एका मुलानें कालची हकीकत सांगावी. त्यांतलें एक वाक्य जसेंच्या तसें फळ्यावर लिहावें, त्याच्या शेजारीं पुस्तकांत तें कसें लिहितात तें लिहावें, आणि दोन्ही सर्वांनीं वाचावीं. एक घरचें, एक बाहेरचें, दोन्ही आपलीं. मुलाला कळेल कीं, आपण बोलतों तें लिहितां येतें आणि लिहिलेलें वाचतां येतें. आणि त्याच्या आईला कोणी चूक म्हटलेलें नसेल. ज्या गांवानें आपल्या जुन्या नांवाला ‘स्टेशन’ हा इंग्रजी शब्द जोडून घेतला आणि ज्याला ‘लासूर स्थानक’ म्हणण्याचें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नाहीं, त्या गांवाच्या मुलांना दोन शब्द शेजारीं शेजारीं नांदविणें अवघड जाईल असें आम्हांस वाटत नाहीं.

पुढच्या वर्षीं त्याच शाळेनें आम्हांस पुन्हा बोलाविलें. गुणपत्रकांतील शुद्ध उच्चाराचा रकाना काढून त्या जागीं ‘स्वतःच्या शब्दांत सांगितलेली गोष्ट’ असा रकाना घालावा अशी विनंति आम्हीं आधींच केली होती, आणि शिक्षकांनीं ती आनंदानें मान्य केली होती. आम्ही त्या मुलीची वाट पाहात होतों. ती चौथींत होती. वाचनाच्या स्पर्धेंत तिनें एक उतारा वाचला, कोठेंहि न अडखळतां, प्रत्येक ण जागच्या जागीं. वक्तृत्वाच्या यादींत तिचें नांव नव्हतें. आम्हीं बाईंना विचारलें. बाई म्हणाल्या, “वाचते फार छान, सर. पण बोलत नाहीं.”

हें वाक्य आम्हीं येथें लिहून ठेवलें आहे तें एवढ्यासाठीं कीं, उद्यां आमच्या हातीं पुन्हा एखादें गुणपत्रक आलें, तर त्यावर सही करण्यापूर्वीं तें आम्हांस आठवावें.